न नेलेले दात

औसा रोडला, मेडिकलच्या वर, दहा बाय बाराच्या खोलीत
मी कवळ्या करतो.
मन्मथ कलशेट्टी, डेंटल लॅब. पाटीवरचा 'ल' केव्हाच गळालाय.
डॉक्टर साचे पाठवतात, मी दात पाठवतो,
तोंडं मला माहीत नसतात.

वर्षाकाठी सात-आठ कवळ्या कुणी नेतच नाही.
रेणापूरचे एक गुरुजी.
मुरुडच्या शेवंताबाई, खालची पूर्ण, वरची अर्धी.
फोन केला तर सून म्हणते,
"त्या गेल्या की हो दिवाळीत."
फेकाव्यात कशा? माप तर अजून त्यांचंच.
बिस्किटाच्या डब्यात टाकत गेलो.

राक्षस करायचा नाद जुना. आधी प्लॅस्टरचे,
मग उरलेल्या रेझिनचे, रात्री, पंखा बंद करून.
त्यातली एक हातभर उंच झाली.
पाठीवर काळ्या दगडांची घरं, वर मातीचं माळवद,
एकेक भिंत सुईनं कोरलेली.
पोटावर भेग.
आठ वर्षांचा होतो, गणपती बुडवून येऊन झोपलो होतो,
पहाटे खालून कुणीतरी वळलं.
बाकीचं मोठ्यांनी सांगितलं. एवढंच माझं.
नाव ठेवलं कूस, म्हणून मग ती.
आणि तोंड रिकामं वाईट दिसत होतं,
तर डबा उघडला.

जपानात राक्षसांच्या मॉडेलची जत्रा भरते,
तिथं मला एक टेबल मिळालं.
महानंदा म्हणाली, "दोन लाख घालून राक्षस दाखवायला चाललाव?
हितं दाखवा की फुकट."
तरी धपाटे बांधून दिले, शेंगदाण्याची चटणी वेगळ्या पुडीत.
विमानतळावर मशीनच्या पडद्यावर नुसते दातच दिसले.
"हे काय?"
"दात, साहेब. लातूरचे."
साहेबांनी एकदा माझ्या तोंडाकडे बघितलं आणि जाऊ दिलं.

चिबाचा तो हॉल गंजगोलाई आत मावेल एवढा.
सिद्धेश्वराच्या जत्रेएवढी गर्दी,
पण पोर हरवल्याचा एक पुकारा नाही.
शिंगवाले, खवल्यांचे, तीन तोंडांचे, काचेच्या पेटीत घामेजलेले.
माझ्या टेबलाशी दुपारपर्यंत कुणी थांबलं नाही.
धपाटे संपले.

मग एक म्हातारा आला, गळ्यात घड्याळजीचं भिंग.
कुशीच्या तोंडात बघत राहिला, बराच वेळ.
फोन पुढं केला. फोन मराठीत बोलला,
"हे दात कोणते दुकान?"
मी सांगितलं ते. फोननं त्याला काय सांगितलं देव जाणे,
तो वाकला. मला नाही, तिला.
मग नखानं स्वतःच्या वरच्या दातांवर टिचकी मारली. टक.
आवाज ओळखला मी. ॲक्रिलिक. वीस वर्षं तरी जुनं.

तेवढ्यात सगळे फोन एकदम ओरडले.
दिवे हलले. हजार राक्षसांच्या शेपट्या
टेबलांवर वाजायला लागल्या, तांदूळ पाखडावेत तशा.
मी टेबलाखाली होतो. कधी गेलो ते मला सांगता येणार नाही.
बाकी कुणी हललं नव्हतं. एकानं तर बिल पूर्ण केलं.
म्हातारा हळूहळू गुडघे मोडत खाली आला,
कुशीला मांडीवर घेऊन
माझ्या शेजारी बसला.
तीन बोटं दाखवली, म्हणजे किरकोळ.
थांबल्यावरही लगेच उठला नाही.

कूस त्यानंच नेली. किंमत मी लिहिलेलीच दिली, घासाघीस नाही.
रेणापूरचे गुरुजी आता तिकडंच कुणाच्यातरी कपाटात राहतात.

परवा कुरिअर आलं. चिठ्ठी नाही.
कापसात गुंडाळलेला प्लॅस्टरचा साचा,
म्हाताऱ्याचा वरचा जबडा,
उजव्या सुळ्यापाशी पेन्सिलीचा बाण.
दोन रात्री बसलो. सुळा जरा पुढं घेतला.
घासून, पाण्यात ठेवून, खिडकीत उजेडाला धरून बघतोय,
तर महानंदा मागून म्हणते,
"न्याहाळत काय बसलाव, पाठवा की लवकर.
म्हातारं माणूस हाय."